पिसाची साक्ष

कतीनाचं बाळ पहाटे झालं आणि रडलं नाही. सुईणीनं त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. शेवटी फडक्यात गुंडाळून चुलीजवळच्या बाकावर ठेवून दिलं. एरवी त्या बाकावर पावाची कणीक फुगायला ठेवलेली असे. मुलगी होती. डोक्यावर काळंभोर जावळ होतं आणि त्या जावळाचा कुणाला काही उपयोग नव्हता.

उर्सुला बहिणीच्या उशाशी बसली होती. आई गेली तेव्हा कतीना पाळण्यात होती, त्यामुळे तिला वाढवलं उर्सुलानं, तिचं लग्नही उर्सुलानंच लावलं. म्हणून कतीनाची सासू अपोलोनिया तिला पहिल्यापासून विहीणच समजत आली होती, आणि दोघी एकमेकींशी विहिणींसारख्याच वागत, म्हणजे अगदी आदरानं टोचून बोलत.

"ताई, तिला खांबांच्या देवळात ने," कतीना म्हणाली.

"नेते. तू पडून राहा."

"तिनं एक श्वास घेतला तरी पुरे. नाव मिळेल तिला. मग मला घाई नाही. मी तिच्या मागून गेले, तर ती तिथे सापडायला हवी ना."

"कुठे जायची भाषा करतेस? सूप पी," उर्सुला म्हणाली. पण सुईणीनं तिला बाहेर बोलावून सांगून झालं होतं. रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर खाली दरीतल्या गावात, आणि रस्त्यावर मार्चातलं अवेळी पडलेलं बर्फ. पुरुष सगळे आठवड्यापूर्वीच सीमेपलीकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला गेलेले, त्यांत कतीनाचा नवराही. सुईण म्हणाली, "देवळात जायचं तर आत्ता जा. परत येऊन काय ते हिला सांगायचंय, एवढं लक्षात ठेवा."

खांबांचं देऊळ म्हणजे संत योहानाचं. खिंडीपलीकडच्या उतारावर, गुराच्या गोठ्याहून जरासं मोठं. जुन्या रोमन लोकांनी ते आपल्या कुठल्याशा देवासाठी बांधलं होतं. पुढे आपल्या लोकांनी समोरच्या चार खांबांमधल्या जागा विटांनी बुजवल्या, दारावरच्या देवाचं नाकतोंड छिन्नीनं उडवलं आणि त्याची वेदी उलटी करून तिच्या बुडात पाण्याला खळगा खोदला. तो देव चिडला असेल तरी त्यानं तसं कधी दाखवलं नाही. या देवळात श्वास न घेतलेल्या मुलांना श्वास येतो. एकच. तेवढ्यात पाणी घालायचं, नाव ठेवायचं, मग मूल जायला मोकळं. पण ते बाप्तिस्मा घेऊन जातं, कबरस्तानात आपल्या माणसांत झोपतं आणि स्वर्गात पोचतं. ज्याला श्वास येत नाही त्याला देवळाच्या वळचणीला पुरतात, छपराच्या पागोळ्या पडतात त्या ओळीत. त्या मुलांना स्वर्ग नाही आणि नरकही नाही. ती जिथे जातात तिथे दुःख नसतं म्हणतात. आई पण नसते.

बिशपनं या गोष्टीवर बंदी घातली होती. गावचा पाद्री त्या वाटेनं कधी जात नसे, म्हणजे त्याला काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

उर्सुलानं पाठीवरच्या टोपलीत आधी गवत घातलं, मग बाळ ठेवलं. तिची उभी हयात या टोपलीतून ओझी वाहण्यात गेली होती. चारा, शेण, दगड, एकदा तर शिवणयंत्र. इतकं हलकं ओझं तिच्या पाठीवर कधी आलं नव्हतं, आणि खिंड चढताना तिला सारखं थांबून खांद्यावरचे पट्टे चाचपावेसे वाटत होते.

अपोलोनिया मागून येत होती. हातात जपमाळ, ओठ सतत हलत. साक्षीला दोघी लागतात, एक बाईच्या माहेरची आणि एक सासरची. बाळाच्या ओठांवर ठेवलेलं पीस हललेलं दोघींनी पाहावं लागतं आणि दोघींनी वेदीवर हात ठेवून तसं सांगावं लागतं.

"विहीणबाई, श्वास जपून वापरा," उर्सुला म्हणाली. "चढ अजून बराच आहे."

"प्रार्थनेला श्वास लागत नाही. तुला सवय नाही म्हणून तसं वाटतं."

"माझ्या वाटची तुम्ही म्हणताच की."

"म्हणते. तुझ्या वाटची म्हणता म्हणता माझे गुडघे गेले."

एरवी यावर दोघी हसल्या असत्या.

देवळाची राखण म्हातारी मेनिया करी. बाजूच्या खोपटात राहायची, कानानं अधू, डोळ्यांनी मात्र घारीसारखी. तिनं दार उघडलं, टोपलीत वाकून पाहिलं आणि काही न विचारता निखाऱ्याची शेगडी आत नेली. आत थंडी इतकी होती की खळग्यातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फाचा पापुद्रा आला होता. मेनियानं तो बोटानं फोडला. बाळाला फडक्यातून काढून वेदीवर ठेवलं, दोन्ही बाजूंनी मेणबत्त्या लावल्या, शेगडी पायाशी सरकवली.

"आधी ऊब येऊ दे," ती म्हणाली. "गार मुलाला संतसुद्धा उठवत नाही."

त्या वाट पाहत बसल्या. उबेनं बाळाच्या गालांवर लाली आल्यासारखी वाटली. मेनियानं जपून ठेवलेल्या डबीतून कोंबडीचं पांढरं पीस काढलं, पोटाखालचं, इतकं मऊ की ते तिच्या बोटांना चिकटून बसलं. ते तिनं बाळाच्या वरच्या ओठावर ठेवलं.

"आता तोंडं बांधा."

दोघींनी रुमालानं नाकतोंड बांधलं, आपला श्वास त्याला लागू नये म्हणून. मेनिया भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. राखणदारिणीची साक्ष चालत नसे.

उर्सुला पिसाकडे बघत राहिली. इतकं बघितलं की पिसाची दोन झाली, मग परत एक झालं. मेणबत्तीची ज्योत वाकली, सरळ झाली. पीस तसंच होतं. तिच्या मनात आलं, हे ठरवायला कुणी पीस का निवडलं असेल? दगड ठेवायचा होता. दगड हलला नाही तर निदान कुणाला राग तरी आला नसता.

मग तिनं ठरवलं.

"हललं," ती रुमालातून म्हणाली. "मी पाहिलं." आणि वेदीच्या कडेवर हात ठेवला.

मेनिया पुढे आली, पाण्याची वाटी उचलली आणि अपोलोनियाकडे पाहिलं. अपोलोनियाचे हात ओटीतच होते.

"मी नाही पाहिलं."

"तुमची नजर गेली असेल तेव्हा दुसरीकडे," उर्सुला म्हणाली.

"माझी नजर इथेच होती."

"विहीणबाई."

"नाही हललं, उर्सुले."

मेनियानं वाटी खाली ठेवली. "पुन्हा बघा. घाई नाही," ती म्हणाली आणि शेगडीत कोळसे टाकले. तिनं असं पुष्कळ पाहिलेलं असणार. त्या पुन्हा बसल्या. बाहेर उजाडून कधीच झालं होतं, दाराच्या फटीतून बर्फाचा पांढरा उजेड आत येत होता. बाळाच्या नाकातून थोडं पाणी आलं. मेनियानं ते टिपलं, ही खूण धरत नाहीत म्हणाली आणि पीस बदललं. नवं पीसही हललं नाही.

उर्सुलानं अपोलोनियाला दंडाला धरून बाहेर नेलं, बुजवलेल्या खांबांपाशी. रुमाल खाली ओढला.

"तुमचं काय जातं? एक शब्द आहे. हो."

"वेदीवर हात ठेवून?"

"त्या वेदीवर पूर्वी बोकड कापत असतील. ती काय मनाला लावून घेणार आहे?"

"तू अशीच बोल."

"तिकडे माझी बहीण मरतेय. तिला तिची पोर हवी आहे, बस्स. तुम्ही सून सून करता, एरवी तिच्या ताटात तूप जास्त पडलं तरी तुम्हाला दिसतं, आणि एवढं एक नसलेलं दिसायला तयार नाही?"

अपोलोनियाचा चेहरा थंडीनं आणि बोलण्यानं लाल झाला. ती चिडली नाही. चिडली असती तर उर्सुलाला बरं वाटलं असतं.

"तुला वाटतं मला नकोय?" ती म्हणाली. "माझ्या मुलाची पहिली पोर आहे. पण खोट्या साक्षीवर घातलेलं पाणी नुसतं पाणी असतं गं. मी हो म्हटलं तर कबरस्तानात दगड लागेल, त्यावर नाव येईल, लोक फुलं घालतील, आणि ती पोर तिथे नसेलच. ती असेल जिथे आहे तिथेच. मग मी कुणाला फसवलं? देवाला? त्याला तर दिसतंय पीस."

"कतीनाला तर फसवाल."

"तेच. मला ते जमायचं नाही."

उर्सुलाला चर्चची फारशी ओढ नव्हती, दिवाबत्तीपुरता तिचा देवाशी संबंध. खोटं तिनं सहज सांगितलं होतं, बाजारात लोण्यावरून सांगते तसं. आणि ते सहज निघालं म्हणूनच एकटं पडलं होतं.

दुसरी साक्ष आली नाही, म्हणून मेनियानं बाळाला परत फडक्यात गुंडाळलं. खोपटातून तिनं कुदळ आणून दिली.

वळचणीची जमीन गोठलेली होती. छपराच्या कडेला बर्फाचे सुळे लटकत होते, पाण्याचा थेंब पडत नव्हता. पावसाळी दिवसांत देवळावरून आलेलं पाणी या मुलांच्या अंगावर पडतं, तो त्यांचा बाप्तिस्मा, असं बाया एकमेकींना सांगत. पाद्री ते मानत नसे, पण नाकारतही नसे. आज तेही नव्हतं. उर्सुलानं खणायला सुरुवात केली. कुदळ एका जुन्या कौलाच्या तुकड्यावर आदळली. त्याखाली बारीक हाडं निघाली, कोंबडीची वाटावीत इतकी बारीक, आणि सोबत मातीची लहानशी बुदली. मेनियानं वाकून पाहिलं.

"ही आपल्यातली नाहीत," ती म्हणाली. "ही त्यांची. जुन्यांची. तेही इथेच पुरायचे. जरा बाजूला खण."

उर्सुला बाजूला सरकली. अपोलोनिया खड्ड्याशी उभी होती. बाळ खाली ठेवल्यावर तिनं हात वर करून छपराचा एक सुळा मोडला, तळव्यांत धरून राहिली आणि तो वितळून पाणी ठिबकू लागलं तसं हात खड्ड्यावर धरला. ओठ हलत नव्हते. बोटं निळी पडली तरी तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी उर्सुलानंच माती लोटली.

परतीच्या वाटेवर खिंडीत अपोलोनिया थांबली आणि म्हणाली, "सांगायचं ते तूच सांग. तुझी बहीण आहे."

"मीच सांगणार आहे. पीस हललं म्हणून."

"मी मध्ये बोलणार नाही."

"उपकार झाले."

कतीना जागी होती. चेहरा मेणासारखा झाला होता, डोळे मात्र दारावर. खाटेखाली सुईणीनं नवं गवत घातलं होतं. उर्सुला टोपली उतरवून तिच्याजवळ बसली. वाटभर तिनं वाक्य घोकलं होतं, पीस कसं हललं, मेनिया काय म्हणाली, सगळं.

"ताई?"

उर्सुलानं तोंड उघडलं. समोर तीच मुलगी होती जिला तिनं केस विंचरताना, ताप उतरताना, लग्नाच्या आदल्या दिवशी खरं तेच सांगितलं होतं. दुखेल का, विचारलं की दुखेल म्हणायची. म्हणून तर कतीना जगात तिच्या एकटीवर विश्वास ठेवायची. वेदीसमोर सहज निघालेला शब्द आता निघेना. कतीना तिच्या ओठांकडे बघत होती, जशा त्या दोघी सकाळी पिसाकडे बघत होत्या.

"घेतला तिनं श्वास," अपोलोनिया दारातून म्हणाली.

कतीनानं मान वळवली.

"मी पाहिलं," अपोलोनिया म्हणाली. पुढे आली, खाटेच्या कडेवर हात ठेवला. "पीस उडालंच जवळजवळ. दांडगी पोर. उर्सुला रडली म्हणून तिला बोलवत नाहीये."

"आई, तुम्ही पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

कतीनाला सासू ठाऊक होती. एक शेंग जास्त आली तर शेजारणीला परत नेऊन देणारी बाई. तिनं डोळे मिटले, चेहरा सैल झाला. "नाव?"

"अपोलोनिया ठेवलं. दुसरं सुचलं नाही मला."

कतीना हसल्यासारखी झाली. "बिचारी," म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "केस काळे होते ना? मला ओळखायला."

"काळेभोर."

संध्याकाळच्या घंटेआधी ती गेली. घाबरली नाही. शेवटी तर तिला थोडी घाईच असल्यासारखं वाटलं.

बायका येऊ लागल्या. कुणी मेणबत्ती आणली, कुणी चीज. जी ती दाराशी अपोलोनियाचे हात धरून तेच म्हणे, निदान मायलेकी एकत्र आहेत. आणि अपोलोनिया प्रत्येकीला हो म्हणे. उर्सुला चुलीशी मक्याचं पीठ घोटत होती, कुणी खाणार नव्हतं तरी. मधल्या उसंतीत अपोलोनिया तिच्याजवळ येऊन बसली. बोटं अजून सुजलेली होती.

"ती शोधत असेल आता तिथे," ती हळू म्हणाली. "सगळ्यांना विचारत असेल. काळे केस, काळे केस."

उर्सुला पळी फिरवत राहिली. "पाद्र्याला सांगून टाका. रविवारी पापनिवेदनाला जाताच ना. मोकळ्या व्हाल."

"त्याला आधी पश्चात्ताप लागतो."

"मग?"

"तो होत नाहीये."

पीठ बुडाला लागल्याचा वास आला. उर्सुलानं भांडं उतरवलं. या बाईचं काय करावं ते तिला कळेना. तिनं एक घास वाटीत काढून तिच्यापुढे ठेवला, करपलेला भाग टाळून. तेवढ्यात दार वाजलं. वरच्या आळीतली कुणी बाई डोक्यावरचं बर्फ झटकत आत आली आणि म्हणाली, "अपोलोनिया, निदान दोघी एकत्र तरी आहेत."

"हो," अपोलोनिया उठत म्हणाली. "एकत्र आहेत."