तुळईखालचा टेकू

अरुणाने बादलीतल्या चुन्यात कुंचला बुडवला आणि भिंतीवरच्या लाल चौकडीवरून सपकन ओढला. ओल्या चुन्याखाली लाल रंग आधी गुलाबी झाला, दुसऱ्या हाताला फिका पडला आणि तिसऱ्या हाताला दिसेनासा झाला. वॉर्ड कचेरीची माणसं येत, ‘धोकादायक इमारत’ म्हणून चौकडी मारून जात, आणि त्यांची पाठ वळायचा अवकाश, अरुणा शिडी लावून चढलेली असे. समोरच्या खमणवाल्याला हा खेळ इतका पाठ झाला होता की चौकडी दिसली रे दिसली की तोच दुकानातून ओरडे, “बेन, चूनो पलाळ्यो के नहीं?” चुना भिजवला की नाही, म्हणून.

“मारू देत मेल्यांना चौकड्या,” अरुणा शिडीवरून म्हणाली, “त्यांचा रंग आधी संपतो का माझा चुना, ते बघूच.”

खाली शिडी धरून उभी असलेली सुभद्राबाई हसली. ही सुरतेच्या टोकाला असलेल्या गोडादऱ्याच्या वस्तीतली. नवरा धुडकू कापडाच्या लूमवर, आणि ती पहिल्या दिवसापासून इथे चुन्याच्या कामाला. बेगमपुऱ्यातल्या या धर्मशाळेच्या कामावर अरुणाने घेतलेली बहुतेक माणसं खानदेशातलीच होती. सुतारकामाला रघुनाथ, चुना मळायला आनंदा, आणि पाणी, वाळू, राडारोडा उचलायला बायका.

धर्मशाळा जडावबाई नावाच्या एका व्यापाऱ्याच्या विधवेने बांधली होती. रस्त्याकडे सगळा सागवानी दर्शनी भाग, सज्जाला आधार देणाऱ्या नक्षीच्या घोड्या, आत दगडी चौक. मुंबईची वाट आगगाडीने सोपी झाल्यावर इथे उतरणारे कमी झाले, मग कबुतरं राहिली, मग कापडाच्या गाठी ठेवणारे आले, मग तेही गेले. चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या वर्षी, सगळं सुरत नाकाला रुमाल बांधून स्टेशनाकडे पळत होतं, तेव्हा अरुणा उलट्या दिशेने, नाशिकहून, गटारांच्या कामाला आली. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेली बाई. राहायला जागा मिळेना, म्हणून धर्मशाळेच्या वरच्या खोलीत पथारी टाकली. काम संपलं, बाकीचे इंजिनिअर आपापल्या गावी गेले, ही मात्र गेली नाही. धर्मशाळेच्या म्हाताऱ्या प्रमुख ट्रस्टींना गाठून म्हणाली, मला दुरुस्त करू द्या. ते हो म्हणाले आणि दुसऱ्या वर्षी वारले. त्यांच्या जागी छगनभाई आले. छगनभाईंना इथे कापडाचं मार्केट दिसत होतं, लिफ्टसकट.

“ताई, एक इचारू का?” सुभद्राबाईने विचारलं.

“विचार की.”

“आखाजीले मनी जयश्री येई राहिनी. लगीननंतरनी पहिली आखाजी शे तिनी. गोडादराले झोका कोठे बांधू? झाड नही, आढं नही. पत्राले बांधू का?” मग तिने हळूच आत चौकाकडे बोट केलं. “आठे, त्या तुळईले बांधू?”

अरुणाचा कुंचला थांबला. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला झोका हवाच, ही खानदेशातली रीत तिला ठाऊक होती. चौकावरच्या मोठ्या तुळईला लोखंडी कड्या होत्या खऱ्या. कधीकाळी तिथे जडावबाईंचा हिंचका झुलत असणार.

“इथे नको.”

“का व?”

“चुना अजून ओला आहे.”

“चुना भिंतले शे, ताई. तुळई तं लाकूडनी शे.”

अरुणाने कुंचला पुन्हा चुन्यात बुडवला. सुभद्राबाईने शिडी दुसऱ्या हाताने धरली.

“त्या वॉर्डना सायेबले तुम्ही रोज सांगतस, तुळई पक्की शे. मंग खाले टेकू कसाले ठेवेल शे?”

हा प्रश्न अरुणाला झोंबला, कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच तिला छळत असे. तुळईचं भिंतीतलं टोक गळतीने कुजून भुसा झालं होतं. तिने तेवढा भाग कापायला लावला, रस्तारुंदीत पडलेल्या एका घराचा जुना साग मिळवला आणि रघुनाथकडून तिरका सांधा घालून घेतला. लाकडी मेखा, वरून लोखंडी पट्ट्या. हिशेब तिने पुन्हा पुन्हा केला होता, आणि दर वेळी तुळई पक्कीच निघत होती. कागदावर. पण सांध्याखाली उभा केलेला टेकू काढायला तिचा हात धजत नव्हता. आज काढू, उद्या काढू करत महिने गेले. लोकांना ती चुन्याची सबब सांगे, आणि चुना बिचारा कधीच वाळून खडखडीत झाला होता.

“काढीन,” ती एवढंच म्हणाली.

“काढा बरं.” सुभद्राबाईने विषय सोडला. जरा वेळाने तिने सहज विचारलं, “तुम्ही नही जाणार माहेरले, आखाजीले?”

“सासरच केलं नाही, तर माहेर कुठून येणार गं? आणि नाशिकचं घर भावाने विकलं.”

“व माय!” सुभद्राबाई म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

दुपारी वॉर्डाचे इंजिनिअर जरीवाला आले. अस्सल सुरती माणूस, तोंडात साखर. ओट्याच्या पायरीवर उभे राहिले. आत ते कधीच येत नसत. आपणच धोकादायक ठरवलेल्या इमारतीत आपण कसं शिरायचं, हा त्यांचा साधा नियम होता.

“बेन, केटली वार चूनो मारशो?”

“तुम्ही चौकडी माराल तेवढ्या वेळा.”

ते हसले आणि दारातूनच वर तुळईकडे पाहिलं. “पाटडो मजबूत छे, तो टेको शेनो? टेको काढो, पछी वात करो.” मग आवाज खाली आणून हिंदीत म्हणाले, “अखात्रीज को छगनभाई का खातमुहूर्त है. मुझे उस दिन आकर आखरी बार देखना है और लिखना है. मैं जो देखूँगा, वही लिखूँगा.”

अरुणाच्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला एक. मार्केटची कुदळ मारायला याहून चांगला दिवस कुठला? आणि त्याच दिवशी खानदेशची आखाजी, म्हणजे कामावरची सगळी माणसं शिरपूर-अमळनेरच्या गाड्यांत. रघुनाथ नाही, आनंदा नाही. आडवं पडायला मागे एकटी अरुणा. छगनभाईंनी पंचांग नीट पाहिलं होतं.

“पाहा तर खरं,” ती म्हणाली. “मी इथेच असेन.”

आखाजीच्या सकाळी ती लवकर उठली, आंघोळ केली, कोरी साडी नेसली. कशाला, ते तिचं तिला माहीत. हातोडा घेऊन टेकूपाशी आली. टेकूच्या पायाशी दोन पाचरी ठोकलेल्या होत्या, त्या निघाल्या की टेकू मोकळा. तिने हातोडा उचलला आणि परत खाली ठेवला. सांधा खचला, तर वरची सगळी माडी चौकात येणार. जडावबाईंची धर्मशाळा अरुणानेच पाडली असं होणार, आणि छगनभाईंना कुदळसुद्धा उचलावी लागणार नाही. ती तशीच खांबाला टेकून उभी राहिली.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. छगनभाई उतरले, पांढरा झब्बा, डोक्यावर टोपी, हातात नारळ. मागे कुदळी-फावडी घेतलेली माणसं, भटजी, आणि स्कूटरवरून जरीवाला. त्यांच्या शिपायाकडे लाल रंगाचा डबा.

“अरुणाबेन, सामान बाहेर काढून घ्या,” छगनभाई मराठीत म्हणाले. त्यांना मराठी चांगली येत असे, विशेषतः असं काही सांगायचं असलं की. “आम्ही कुणाचं वाईट करत नाही. मुहूर्त अकराचा आहे.”

“मग अकरापर्यंत थांबा.”

तेवढ्यात त्यांच्या गर्दीतून वाट काढत, हसत-ओरडत, पाच-सहा बायका आत घुसल्या. पुढे सुभद्राबाई, नवं लुगडं, खांद्यावर नाड्याच्या जाड दोराची वेटोळी. मागे तिची जयश्री, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, धाकटी हर्षदा, शेजारची मंगलाबाई, आणखी दोघी. अरुणा बघतच राहिली.

“झोक्याला जागा नाही म्हणून तू लेकीला घेऊन गावी गेलीस असं वाटलं मला.”

“कोठे जासू? पोरनं माहेर सुरत शे आते. गावले कोन शे?” सुभद्राबाईने वेटोळी खाली टाकली. “खमणवालानी सांगं, आज पाडनार शेत म्हने. मंग आजच बांधसूत झोका. उद्या कोठे बांधसूत?”

“सुभद्रा, मी नको म्हणाले होते.”

“म्हनेल व्हतं तुम्ही.” सुभद्राबाईने कमरेवर हात ठेवले. “ताई, ही भिंत मी मना हातनी चुना लाईसन उभी करी. मले इचारं का कोनी पाडताना?”

हर्षदाने तोवर शिडीवर चढून कड्यांतून नाडा ओवलासुद्धा. ओट्यावरून जरीवाला ओरडले, “बेन, ए लोकोने बहार काढो! जोखम छे!”

छगनभाई हसले. “टेकू लावलेल्या तुळईवर झोका? अरे, टेकू काढून दाखवा, मग झुला. आहे हिंमत?”

सगळ्यांनी अरुणाकडे पाहिलं. बायकांच्या नजरेत भीती नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटली. या बायका तिच्या शब्दावर उभ्या होत्या. हिशेबाचा कागद यांनी कधी पाहिला नव्हता. ताई म्हणाली पक्की, म्हणजे पक्की, बस्स.

अरुणाला राग आला. छगनभाईंचा, चौकडीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. आपणच केलेल्या कामावर आपला विश्वास नाही, आणि जग विश्वास ठेवत नाही म्हणून आपण जगाशी भांडतोय! तिने पदर खोचला.

“सगळ्या ओट्यावर जा. जयश्री, तूसुद्धा. एकही जण चौकात नको.”

“ताई...”

“जा म्हणते ना!”

बायका बाहेर गेल्या. तिने हातोडा उचलला आणि पाचरीवर घातला. पहिला घाव वाया गेला, फरशीवर आदळला. दुसऱ्याला पाचर हलली, तिसऱ्याला उडाली. दुसरी पाचर काढल्यावर टेकू सैल झाला, तिने तो दोन्ही हातांनी कवळून बाजूला ओढला आणि भिंतीला लावला.

वर तुळई बोलली. सागाने एकदा करकर आवाज केला, फळ्यांच्या फटीतून धूळ गळून तिच्या केसांत पडली, पट्टीचा एक खिळा कुरकुरला. ओट्यावर कुणीतरी “अरे राम” म्हणालं. अरुणाने डोळे मिटले नाहीत. मान वर करून सांध्याकडे बघत राहिली. धूळ गळायची थांबली. सांधा होता तिथेच होता.

जयश्री उंबरा ओलांडून नाड्याकडे धावली.

“थांब,” अरुणा म्हणाली. “आधी मी.”

तिने कामाची एक फळी नाड्यात अडकवली, बसली, आणि जमिनीला पाय मारला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. फळी मागे गेली, पुढे आली. कड्या किणकिणल्या. तिने पुन्हा पाय मारला, अजून जोराने. मग बायकांना राहवलं नाही, त्या आत आल्या, सुभद्राबाईने तिला पाठीमागून असा धक्का दिला की अरुणाचे पाय थेट ओट्यावरच्या छगनभाईंच्या टोपीच्या उंचीला गेले. मंगलाबाईने आखाजीचं गाणं उचललं, बाकीच्यांनी ओढलं. तुळई हूं की चूं करेना.

जरीवालांनी बूट काढले. उंबऱ्यावर जरा घुटमळले, मग आत आले आणि झोक्याला जागा सोडून बरोबर सांध्याखाली उभे राहिले. वर बघत राहिले बराच वेळ. एक हात खांबावर ठेवला.

“अमारे घेर पण हिंचको हतो,” ते म्हणाले. “रस्तामां घर गयुं, हिंचको पण गयो.”

शिपाई डबा घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. “साहेब, चोकडी?”

“डबो बंध कर.”

छगनभाई पुढे आले. “जरीवालासाहेब, मुहूर्त जाय छे!”

“शेठ, हुं पोते अंदर ऊभो छुं,” जरीवाला मागे न वळता म्हणाले. “जेमां हुं ऊभो छुं, एने जोखमी केवी रीते लखुं?”

छगनभाईंनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी घड्याळाकडे. कुदळीवाली माणसं एव्हाना खमणाच्या दुकानात जाऊन बसली होती. सुभद्राबाई ओट्यावर गेली आणि छगनभाईंच्या हातातला नारळ अलगद काढून घेतला.

“चांगला दिवस शे, शेठ. नारय परत लई जाऊ नही,” ती म्हणाली, आणि तिने तो उंबऱ्यावर फोडला.

खोबऱ्याचा तुकडा तिने सगळ्यांत आधी छगनभाईंना दिला, मग जरीवालांना. मग चौकात येऊन तिने झोक्याचा नाडा धरला.

“बस व्हयनं आते, उतर. माहेरले उनी म्हनीसन किती लाड करू तुना? मनी जयश्रीले बठू दे.”

अरुणाने नाकाशी आलेली धूळ पुसली. डोळ्यांत गेली होती ती तशीच राहू दिली.

“अजून एक,” ती म्हणाली, आणि पाय मागे घेतले.