पावणं, स्टँड!

मी एक जुना स्टँड आहे. मोटारसायकल उभी करताना डाव्या पायानं खाली पाडतात आणि निघताना वर सारतात, तो बाजूचा लोखंडी पाय म्हणजे मी. मित्रांनो, नवी गाडी दारात आली की लोक टाकीवरून हात फिरवतात, हँडलला हार घालतात, हॉर्न चारदा वाजवून बघतात. माझ्यावर मात्र अख्खी गाडी टेकवून खुशाल चहाला जातात. माझं कौतुक कुणी केल्याची नोंद माझ्याकडे नाही.

एक्क्याण्णव साली मी कबनूरला धोंडीरामांच्या दारात आलो. धोंडीराम यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. चोवीस माग एकदम खडखडत असताना त्यातला नेमका कुठला कुरकुरतोय, हे ते दारातूनच सांगत. त्याच खडखडाटानं तीस वर्षांत त्यांचे कान नेले. उजव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोललं, तरच काही आत जाई.

म्हणून सरुबाई पाठीमागं बसल्याशिवाय ते गाडी काढत नसत. नवऱ्याच्या वाटचं त्या ऐकत. मागून वाहन आलं की उजव्या खांद्यावर थाप, मी खाली राहिलो की डाव्या. आणि मी खाली राहिल्याचं त्यांना कळायचं ते रस्त्यावरच्या लोकांमुळं. आमच्याकडं स्टँड खाली असलेली गाडी दिसली की माणसाला गप्प बसवत नाही. ओळख ना पाळख, "ओ पावणं, स्टँड!" म्हणून तो ओरडणारच. एकदा तर बांधावर भांडणाऱ्या दोघांनी भांडण थांबवलं, एका सुरात आम्हाला हाक मारली आणि मग राहिलेलं भांडण पुरं केलं. सात वर्षांत मी सव्वाशे वेळा खाली राहिलो. सव्वाशे वेळा कुणी ना कुणी ओरडलं. एकदाही खाडा पडला नाही.

अठ्ठ्याण्णव साली गाडी मुलाकडं, प्रसेनजीतकडं आली. तो जयसिंगपूरला कापडाच्या दुकानात कामाला लागला होता. कमरेला वॉकमन आणि दोन्ही कानांत वायरी, असा तो निघायचा.

"गाडीवर तरी ते काढ की कानातनं," सरुबाई म्हणाल्या.

"आई, गाण्यानं रस्ता सरतोय. डुलकी येत न्हाय."

"आणि मागनं ट्रॅक्टर आला म्हंजे?"

"आरसा हाय की."

धोंडीराम कट्ट्यावर बसून दोघांकडं बघत होते. ते म्हणाले, "माझं कान मागानं नेलं. तू आपल्या हातानं देतोयस."

मी कुणाच्या बाजूचा नाही, म्हणून खरं ते सांगतो. गाणं लागलं की प्रसेनजीत गाडी सावकाश चालवायचा आणि शिव्याही कमी द्यायचा. हे त्याच्या जमेला. पण कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते. मग तो रस्त्याकडेला थांबायचा, मला खाली पाडायचा, कॅसेट उलटी घालायचा, आणि गाणं सुरू झालं की मला विसरून निघायचा. लोक ओरडायचे. त्याला हाक ऐकू यायची नाही, हात तेवढे दिसायचे. त्याला वाटायचं, ओळखीचं कुणीतरी आहे. तोही हात वर करायचा आणि "जय भीम" म्हणून पुढं जायचा. माझ्यामुळं त्याच्या ओळखी फार वाढल्या. डाव्या वळणावर मी रस्त्याला घासलो की दचकून मला वर घ्यायचा. वेग कमी होता, निभावलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याची बहीण संघप्रिया हिची कोल्हापुरात परीक्षा होती. नर्सिंगच्या प्रवेशाची, अकरा वाजता. तिनं वर्षभर अभ्यास केला होता. निघायला उशीर झाला, म्हणून प्रसेनजीतनं गाडी जोरात काढली. शिरोलीच्या पुढं कॅसेटची बाजू संपली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

पंचगंगेच्या पुलाशी कलिंगडवाला ओरडला. एका दूधवाल्यानं पाय हलवून दाखवला. प्रसेनजीतनं दोघांनाही जय भीम घातला. "दादा, लोक काय म्हणत्यात बघ की," असं संघप्रिया दोनदा म्हणाली, पण दादा गाण्यात होता. कावळा नाक्यावर तीन रिक्षावाले एकदम ओरडले, "स्टँड! स्टँड!" आता त्या नाक्यावर रिक्षावाले दिवसभर हेच ओरडत असतात, एस.टी. स्टँडची गिऱ्हाइकं गोळा करायला. संघप्रियाला तेच वाटलं. तिनं घड्याळात बघितलं. पावणेअकरा झाले होते.

पुढच्या डाव्या वळणावर मी रस्त्यात रुतलो आणि गाडी उडाली.

प्रसेनजीतचा गुडघा सोलला. संघप्रियाचं उजवं मनगट मोडलं. त्याच रिक्षावाल्यांनी तिला दवाखान्यात नेलं. "मगापासनं घसा फोडून सांगतोय की, पावणं," त्यांतला एक म्हणाला. हाताला प्लॅस्टर चढलं तेव्हा परीक्षा संपली होती.

घरी येऊन प्रसेनजीतनं सांगितलं, "स्टँडचा स्प्रिंग ढिला हाय. आपोआप पडला."

सगळ्यांनी मान्य केलं. शेजारच्या झुंबरबाईंनी मला येता-जाता चार शिव्या घातल्या. लोखंडाला बाजू मांडता येत नाही. मी वाकलेला, तसाच पडून राहिलो.

आठ दिवसांनी धोंडीरामांनी गल्लीतल्या कृष्णात मिस्त्रीला दारात बोलावलं. त्यानं मला ठोकून सरळ केलं, दहा-बारा वेळा खालीवर केलं. मग धोंडीरामांच्या समोर उकिडवा बसून साध्या आवाजात म्हणाला, "मामा, ह्यो आपोआप पडायचा न्हाय. स्प्रिंग नव्यासारखा हाय. पायानं पाडल्याबिगर ह्यो हलत न्हाय."

धोंडीराम मुलाकडं वळले. "काय म्हणतोय कृष्णात? मला काय ऐकू आलं न्हाय. तू सांग."

प्रसेनजीत त्यांच्या उजव्या कानाशी वाकून पुटपुटला.

"मोठ्यानं."

"स्टँड मीच लावलेला."

"अजून मोठ्यानं."

"स्टँड मीच लावलेला! काढायचा विसरलो! लोक ओरडत हुती, मला वाटलं हात करत्यात! कानात गाणं हुतं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. प्लॅस्टरचा हात छातीशी धरून संघप्रिया दारात उभी होती, तिनंही ऐकलं. धोंडीरामांनी मान हलवली आणि ते चहा सांगायला आत गेले.

मित्रांनो, मागाच्या खडखडाटात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. कृष्णात बोलला तेव्हा त्याच्या तोंडावर चांगलं ऊन होतं. धोंडीरामांना त्याचं पहिलंच वाक्य कळलं होतं.

संघप्रिया भावाला एवढंच म्हणाली, "दादा, वर्ष माझं गेलं. पुढच्या टायमाला एस.टी.नं जाईन." आणि पुढच्या वर्षी ती एस.टी.नंच परीक्षेला गेली. तिला प्रवेशही मिळाला. त्या दिवशी एस.टी.पर्यंत तिची पिशवी घेऊन प्रसेनजीत चालत गेला. त्यानं गाणी सोडली नाहीत. कामावरून आला की दारात गाडी माझ्यावर उभी करायचा, तिच्यावर आडवा बसायचा आणि वायरी कानांत घालायचा. गाडीचं आणि त्याचं, दोघांचं वजन मी तासन्‌तास पेललं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता मी गंजलो आहे. तुमच्याकडं मागणं एकच. चालत्या गाडीवर कान मोकळे ठेवा. गाणं तुमचंच आहे, घरी पोचलात की पुन्हा पहिल्यापासून लागेल. रस्त्यावरचा अनोळखी माणूस तुमच्यासाठी एकदाच ओरडतो, आणि तोवर तुम्ही पुढं गेलेले असता.