काटा खाली आला

शेगडीवर तापून काळी पडलेली तांब्याची पट्टी सुनेने चिमट्याने उचलली, गार होऊ दिली आणि तिच्यावरचे काळे पापुद्रे नळाखाली अलगद धुऊन टाकले. खाली लालसर थर दिसला तशी ती स्वतःशीच हसली.

"माझ्या शेगडीची पार वाट लावलीस," सासूबाई म्हणाल्या. "निदान आज तरी वीज निघू दे बाई!"

आज निघायलाच हवी होती. उन्हापासून वीज करून दाखवते, असा शब्द शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनेने वर्गातल्या मुलींना दिला होता, आणि विज्ञानाचा तास आज दुपारीच होता. मागच्या खेपेला मीटरचा काटा झोकात हलला, सासूबाईंनी गल्लीभर दवंडी पिटली, आणि पट्ट्या बुडवलेली मीठपाण्याची बरणी उचलून कपाटात ठेवली तर तिथल्या अंधारातही काटा तसाच! दुसरी पट्टी जस्ताची घेतली होती ना. मीठपाण्यात तांबं आणि जस्त म्हणजे साधी बॅटरीच. उन्हाचा तिथे काय संबंध? सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

या वेळी दोन्ही पट्ट्या तांब्याच्या: एक कोरी, एक भाजलेली; ऊन पडलं की वीज देतो तो भाजलेल्या पट्टीवरचा लालसर थर. मीठपाण्याची बरणी, दोन तारा, मीटर. खिडकीतल्या उन्हात बरणी ठेवली मात्र, काटा सरकला.

"हलला गं, हलला!" सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

सुनेला खात्री नव्हती. हलण्याचं काय, मेला मागेही हलला होता. बरणीवर फडकं टाकून अंधारात काटा उतरतो का ते बघायचं, पण हात काही धजेना.

नीट दिसावं म्हणून सासूबाई खिडकीपाशी वाकल्या, आणि काटा झर्रकन खाली आला.

"अगंबाई! मी हात नाही हं लावला!" त्या रडवेल्या झाल्या. "माझाच मेला पायगुण..."

"आई, जरा मागे सरका."

त्या सरकल्या. काटा वर चढला.

"आता पुन्हा वाका."

काटा खाली.

"पुन्हा!" सून ओरडलीच. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "तुमची सावली, आई! सावली पडली की वीज जाते. ऊनच आहे हे, नुसतं ऊन!"

मग दोघींनी तो खेळ इतक्यांदा केला, की सासूबाईंना आपल्या कंबरदुखीचा विसर पडला. अखेर सुनेचं घड्याळाकडे लक्ष गेलं. ती घाईघाईने पट्ट्या पुसून पिशवीत भरू लागली. वळून बघते तर सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, पायात चपला सरकवून तयार.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? शाळेत सावली कोण पाडणार?"