बावीस गावांची ओळख

दिव्यानी पोंभुर्ण्याला घरूनच वेबसाइटची कामं करायची. मोहफूल, मध आणि चारोळी विकणाऱ्या बावीस गावांतल्या बायकांच्या संघाची साइट तिनंच बनवली होती. प्रत्येक गावाचं पान वेगळं, आणि मागणीचा फोन नंबर सगळीकडे एकच, पण तिनं तो प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा टाइप केलेला. संघाचं काम अंजनाबाईंकडून दुर्गाकडे गेलं तेव्हा तो बावीस ठिकाणी बदलावा लागला. त्यात दोन पानं राहिली. अंजनाबाई तोवर घुग्घुसला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. दोन महिने गिऱ्हाइकं त्यांनाच फोन करत राहिली आणि त्या न कंटाळता प्रत्येकाला दुर्गाचा नंबर सांगत राहिल्या. हे कळल्यावर दिव्यानीला लाज वाटली.

मग तिनं आठवडाभर बसून सगळी साइट उकलली. जे जे प्रत्येक पानावर सारखं होतं, त्याची एकेक वेगळी फाइल केली: वरची पट्टी, फोन, मालाचे दर. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या. आता बदल एका जागी केला की बावीस पानांवर दिसे. काम जमत गेलं तसा तिला हुरूप आला, आणि गावाची ओळखसुद्धा तिनं एकच करून टाकली. ‘घनदाट जंगलातल्या या गावच्या महिला पारंपरिक पद्धतीनं मोहफूल वेचतात.’ वर फक्त गावाचं नाव बदलायचं.

बाजाराच्या दिवशी दुर्गा एका गावच्या गटप्रमुख सोमारीबाईंना साइट दाखवायला घेऊन आली. सोमारीबाईंनी आपल्या गावाचं पान सावकाश वाचलं. मग शेजारच्या गावाचं उघडायला लावलं. तेही वाचलं.

"नाव आमचं हाय," त्या म्हणाल्या. "पण हे गाव आमचं नाई."

सगळीकडे एकच मजकूर ठेवला की चुका होत नाहीत, असं दिव्यानीनं समजावलं.

"फुलं दिसावी म्हून मोहाखाली आग लावतात, आमच्या इथी लावत नाई. जंगल जळलं होतं, तवापासून पाला झाडून काढतो. बारा वर्सं झाली. ते कुठी लिवलं?"

 दिव्यानीनं ती ओळखीची फाइल तिथंच काढून टाकली आणि गावांसाठी दुसरं फोल्डर उघडलं. सोमारीबाई सांगत गेल्या, ती टाइप करत गेली. शेवटी त्यांनी वाचून एकच दुरुस्ती सांगितली. दिव्यानीनं सवयीनं टाकलेलं ‘घनदाट’ काढायला लावलं. जंगल आता तितकं दाट राहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात दिव्यानी काही गावांना जाऊन आली. काही बायकांनी फोनवरच बोलून पाठवलं. सात गावांची ओळख अजून यायची होती. त्या पानांवर नुसतं नाव आणि खाली फोन नंबर दिसे. तोवर जुनाच मजकूर लाव, असं दुर्गा म्हणाली.

"राहू दे रिकामं," दिव्यानी म्हणाली. "येईल त्यायचं तेव्हा टाकीन."