मागणी क्रमांक दोन

मी राज्यशास्त्र शिकवतो. वर्ध्यात ते शिकवणारे आणखीही आहेत, पण गेली अकरा वर्षं दर रविवारी इथल्या एका दैनिकात परराष्ट्र धोरणावर लिहिणारा मी एकटाच. त्यामुळे तैवानचं काय करायचं, इराणचं काय करायचं, हे आमच्या कॉलनीत मला विचारतात. नळाचं काय करायचं ते विचारत नाहीत. त्याला माहितगार माणूस लागतो.

बावीस सालच्या फेब्रुवारीत माझा भाव वधारला होता. रशियाची फौज युक्रेनच्या सीमेवर येऊन बसली होती, आणि शेजारच्या रत्नदीपची मुलगी रुचिका खारकीव्हला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. रत्नदीप एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक, म्हणजे कोणती गाडी कोणत्या फलाटावर ते माइकवरून सांगणारा. तेव्हा संप चालू होता. गाड्या बंद, माइक बंद, आणि रत्नदीप दिवसभर टीव्हीसमोर रणगाडे मोजत बसलेला.

पंधरा-सोळा तारखेला तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. आपल्या दूतावासाची सूचना होती, इंग्रजीत.

"सर, याचा अर्थ काय होते? पोट्टीले काय सांगू?"

मी चष्मा लावून वाचलं. "ज्यांचं तिथं राहणं आवश्यक नाही, त्यांनी तात्पुरतं निघण्याचा विचार करावा, असं म्हणतात."

"म्हणजे 'नीघ' म्हणतात का 'निघजो' म्हणतात?"

आमच्या भाषेत हुकूम दोन प्रकारचे असतात. 'ये' म्हणजे आत्ता ये. 'येजो' म्हणजे सवडीनं, जमेल तसं, कधीतरी ये. लग्नाच्या मांडवातून निघताना आम्ही शे-दीडशे लोकांना 'घरी येजो' म्हणतो आणि कोणी येत नाही याची कुणालाच खंत नसते.

"निघजो," मी म्हणालो.

भाषांतर अचूक होतं. आजही मी त्यात काना-मात्रेचा बदल करणार नाही. सगळ्या जगाची परराष्ट्र खाती 'जो'मध्येच बोलतात, त्यांना वऱ्हाडी येत नाही म्हणून इंग्रजीत लिहावं लागतं इतकंच. पण रत्नदीपनं मला भाषांतर विचारलंच नव्हतं. पोट्टीले काय सांगू, असं विचारलं होतं. आणि मी वर आणखी मतही जोडलं: युद्ध होणार नाही, हे दबावाचं राजकारण आहे, पोरीची हजेरी बुडवू नका. रविवारच्या लेखातही मी तेच लिहिलं होतं, आणि लेख छापून आल्यावर मत बदलणं मला जड जातं.

त्यानं माझ्यासमोरच टाइप केलं: प्रॅक्टिकल झाल्यावर निघजो. पलीकडून अंगठा आला.

प्रॅक्टिकल पंचवीस तारखेला होतं. युद्ध चोवीसला सुरू झालं.

रुचिका होस्टेलच्या तळघरात गेली. फोन दुपारी यायचा, तिकडची सकाळ. रत्नदीपची बायको मेघा फोन स्टीलच्या डब्यावर उभा करून ठेवायची, कारण तिथंच रेंज नीट यायची. तळघरात चाळीस पोरं होती आणि होस्टेल सांभाळणारी गालिना नावाची म्हातारी. तिचा नवरा वर खोलीत अंथरुणाला खिळलेला. ती जिने चढून त्याला भरवायची आणि खाली येऊन पोरांसाठी बटाट्याचं सूप करायची. "रोज विचारते मले," रुचिका सांगायची, "बाहेरचे देश लढाले येऊन राह्यले का? मी म्हणतो, येऊन राह्यले."

बोलताना मागे काहीतरी दणकायचं. मेघा विचारायची, "काय वाजलं गं?" ती म्हणायची, "दार, आई."

पाचव्या दिवशी कॉलनीनं निवेदन द्यायचं ठरवलं. आमच्याकडे कलेक्टरला कशाचंही निवेदन देता येतं. गाडीचा थांबा, डुकरांचा बंदोबस्त, मग खारकीव्ह का नाही? निवृत्त हेडमास्तर अण्णाजींकडे नमुना तयारच असतो, फक्त विषय बदलायचा. मसुदा अर्थात मी करायचा होता. रत्नदीपच्या पुढच्या खोलीत बसलो.

मागणी क्रमांक एक: विद्यार्थ्यांना सुखरूप परत आणावे. यावर मतभेद नव्हता.

मागणी क्रमांक दोन अण्णाजींनी उभं राहून सांगितली. "अमेरिका व मित्रदेशांनी आपली फौज व विमाने पाठवून खारकीव्हवरील बॉम्बफेक तात्काळ थांबवावी. लिहा."

मी पेन खाली ठेवलं. "हे लिहिता येणार नाही."

"काऊन?" मेघा म्हणाली.

मी समजावून सांगितलं. विमानं नुसती आकाशात फिरून चालत नाही. रशियाची विमानं पाडावी लागतात, रशियात घुसून त्यांची रडार फोडावी लागतात. मग ते दोन अणुबॉम्बवाल्यांचं थेट युद्ध होतं. रशियाकडे सहा हजारांच्या आसपास बॉम्ब आहेत आणि त्यांनी कालच आपली अण्वस्त्रं सज्ज करायला सांगितली आहेत. हरायला लागले की एखादा लहानसा टाकतीलही.

"लहानसा म्हणजे केवढा?"

"समजा, हिंगणघाट जाईल एवढा."

"आन् माह्या पोरीवर पडून राह्यला तो केवढा?"

अण्णाजी छताकडे बघू लागले.

"मेघाताई, त्याला उत्तर म्हणून दुसरा पडतो, मग तिसरा. शक्यता दहा टक्के धरली तरी सगळं जग..."

"युद्ध होणार नाई म्हणे तुम्ही, ते किती टक्के होतं?"

खाली ठेवलेलं पेन मी परत उचललं.

"जग जाईन तवा आपण सारेच जाऊ, सर," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, उलट मला समजावत होती. "कोणी कोणाले रडाले उरणार नाई. आता मले एकटीले रडा लागन."

मी तडजोड सुचवली. "असं लिहू: 'शक्य असल्यास, व्यापक संघर्ष टाळून, योग्य ती पावले उचलावीत.'"

रत्नदीपनं टीव्हीचा आवाज बंद केला. तो म्हणाला, "सर, हे बी 'जो'च झालं."

शेवटी मागणी जशीच्या तशी लिहिली. मीच लिहिली, माझं अक्षर चांगलं आहे. फक्त सही केली नाही. म्हणालो, अकरा वर्षं लिहितो आहे, अभ्यासाशी बेइमानी होईल. रत्नदीप म्हणाला, "राहू द्या, सर," आणि कागद पुढच्या माणसाकडे सरकवला. एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. कलेक्टर कचेरीतल्या बाबूनं न वाचता आवकचा शिक्का मारला. वर्धा जिल्ह्याची तिसऱ्या महायुद्धाला हरकत नसल्याची नोंद तिथं अजून असेल. हरकत घेणारा मी एकटाच होतो, आणि माझी कुठंच नोंद नाही.

मत माझं आजही तेच आहे. बाहेरचे उतरले असते तर आज हे लिहायला मी आणि वाचायला तुम्ही असतोच असं नाही. पण मॉस्को काही वर्ध्याच्या सह्या मोजत बसलं नव्हतं. मी सही केली असती तर एकही विमान उडालं नसतं, आणि नाही केली म्हणून एकही युद्ध टळलं नाही. फक्त त्या खोलीतल्या दोन माणसांना कळलं, की जगाचा हिशेब करताना त्यांची पोरगी मी कोणत्या पारड्यात ठेवली आहे.

मार्चच्या दोन तारखेला दूतावासाची नवी सूचना आली: खारकीव्ह ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर पायी. या वेळी रत्नदीप अर्थ विचारायला आला नाही. कुंपणापलीकडून त्याचा डेपोतला आवाज तेवढा ऐकू आला. बोगी कोणती बघू नको, सामान टाकून दे, मिळेल त्या दारातून चढ. चार महिने बंद असलेला माइक सुरू झाल्यासारखा. रुचिका पोरांसोबत बर्फातून चालत एका खेड्यापर्यंत गेली, तिथून रेल्वेनं पोलंडच्या सीमेवर, आणि नऊ तारखेला घरी आली. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. तिच्या सत्काराला कॉलनी लोटली होती. मला त्या दिवशी पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशीही तपासता आले असते.

त्यानंतर रत्नदीप मला रोज नमस्कार करतो. आधी तो नमस्कार करत नसे. 'चहा झाला काय' म्हणत सरळ आत येऊन बसायचा.

एप्रिलमध्ये एका सकाळी रुचिकानं कुंपणावरून हाक मारली. "सर, जरा येता का? गालिना आज्जी लाइनवर हाये. तिले मी सांगतलं, आमच्या शेजारी या विषयाचे प्रोफेसर राहतात म्हणून."

रत्नदीप अंगणात कूलरच्या जाळीत नवीन वाळा भरत होता. "नमस्कार, सर," म्हणाला आणि परत कामाला लागला.

फोनवर जाड स्वेटर घातलेली म्हातारी होती, मागे विटांची भिंत. मी हात जोडले, तिनंही जोडले. पोरांकडून शिकली असावी. मग एकच वाक्य बोलली.

"विचारून राह्यली," रुचिका म्हणाली, "बाहेरचे येतील का? खरं सांगा म्हणते. मी मनचं रचून सांगतो हे तिले समजलं आता."

मी सांगायला सुरुवात केली. बाहेरचे देश शस्त्रं देत आहेत, आणखी देतील. स्वतः उतरणं वेगळं. त्यात अण्वस्त्रांचा धोका, एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचा. मात्र परिस्थिती बदलू शकते, दबाव वाढू शकतो, कोणतीही शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. तीनेक मिनिटं बोललो असेन. वाक्यं चांगली येत होती. म्हातारी माझ्या ओठांकडे बघत होती.

मी थांबलो. रुचिकानं फोन स्वतःकडे वळवला आणि एकच शब्द बोलली. मला रशियन येत नाही, पण तो कळला.

म्हातारीनं मान डोलावली. थोडा वेळ स्वेटरची बाही ओढत राहिली, मग हळूहळू काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"धन्यवाद म्हणते तुमाले." रुचिकानं पदराशी खेळावं तसं चार्जरची वायर बोटाला गुंडाळली. "आता वरचा पलंग खालीच आणते म्हणे, नवऱ्यासकट. आजवर आणला नव्हता. तिले वाटे, चारच दिवसाची गोष्ट हाये."