पन्नासच्या तारा

मास्तरांनी बास, म्हणजे चार जाड तारांची खर्जातली गिटार, काउंटरवर असा आदळला, की काचेखालची खुंट्यांची ताटली खडखडली.

“तिसरी खेप आहे ही,” ते म्हणाले. “दुकान चालवता की भंगार विकता?”

दादाने आधी काच पाहिली, मग बास, आणि सगळ्यात शेवटी मास्तरांकडे पाहिलं. जुन्या वाद्यांच्या धंद्यात बावीस वर्षं काढलेला माणूस तो. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचं, हे त्याला पाठ होतं. त्याने ग्लास पुढे केला. मास्तरांनी तो तसाच परत सरकवला.

“पाणी नको. तिला बोलाव. जिने हा लावून दिलाय तिला.”

ती म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, जवळचा चष्मा लागला, तरी घरीदारी ती बेबीच. दादा जुनी वाद्यं घ्यायचा आणि विकायचा. मधल्या मध्ये त्यांना माणसांत आणायचं काम बेबीचं. गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, ज्यांना ती पडदे म्हणायची, त्या घासायच्या, वाकलेली मान सरळ करायची, तारांची उंची बेतायची. काउंटरमागे प्लायवूडचा आडोसा होता आणि त्याच्या पलीकडे तिचं टेबल. तिथे बसून तिने मास्तरांचा शब्द न् शब्द ऐकला होता. हातातली कानस तिने मुद्दाम सावकाश खाली ठेवली. होऊ दे म्हाताऱ्याचा जीव वरखाली.

बाहेर आली तर मास्तरांबरोबर मास्तरीणबाईही होत्या, पर्स पोटाशी धरून उभ्या. बाजूच्या स्टुलावर हॉटेलांत वाजवणारा एक लठ्ठ गृहस्थ बसला होता. आपला बास नवे पडदे घालायला घेऊन आलेला, आणि काम पसंत पडलं तर आणखी चारजणांची वाद्यं आणतो म्हणालेला. फुकटचा तमाशा मिळाल्यामुळे तो मजेत होता.

“काय होतंय?” बेबीने विचारलं.

“खरखर होतेय. सूर लावला की तार खरखरते. माझ्या घरी, तालमीत, सगळीकडे.”

“पंधरा दिवसांपूर्वी दिला तेव्हा नव्हती होत.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“मी कुठे म्हटलं? पाण्याबिण्यात बुडवला असलात तर तेवढं सांगा.”

लठ्ठ गृहस्थ फिस्सकन हसला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“जीभ बरी लांब झालीय,” ते म्हणाले. “बोटं मात्र आहेत तेवढीच.”

दादाने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं ते.

बेबी सोळा वर्षांची असताना मास्तरांच्या क्लासला जात होती. मुलगी म्हणून एकटीच. सात महिने झाल्यावर एके दिवशी मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तिचा डावा पंजा उचलून फूटपट्टीला लावला आणि म्हणाले, “हे बास वाजवायचे हात नाहीत. हे भाजी निवडायचे हात आहेत.” वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून ती ‘आखूड’ झाली. रस्त्यात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकात, आखूड आली, आखूड गेली. मास्तरांचा आणखी एक मंत्र होता: पन्नासच्या तारा. बासच्या तारांचे संच जाडीच्या नंबराने मिळतात. पन्नासचा जाड, चाळीसचा बारीक. “पन्नासच्या ज्याला दाबता येत नाहीत त्याने बासला हात लावू नये,” मास्तर म्हणायचे. “चाळीसच्या तारा म्हणजे पोरीबाळींचा खेळ.” आठव्या महिन्यात बेबीने क्लास सोडला. वाजवायचं नाही तर नाही, पण वाजवणाऱ्यांची वाद्यं आपल्या हाताखालून गेल्याशिवाय वाजणार नाहीत, असं काहीसं तिने तेव्हा मनात धरलं होतं. आणि धरलेलं तिने करून दाखवलं.

“शनिवारपर्यंत मुदत आहे,” मास्तरीणबाई मध्येच म्हणाल्या. “ऑर्केस्ट्राच्या चालकांनी सांगितलंय, आवाज स्वच्छ आला तर ठीक, नाहीतर ते दुसरा माणूस बघणार. एकतीस वर्षं वाजवतायत हो हे त्यांच्याकडे.”

“तू गप्प बस,” मास्तर म्हणाले.

बेबीने बास उचलला, अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीला जोडला आणि स्टुलावर बसली. एकेक तार, एकेक पडदा, खालपासून वरपर्यंत. खर्ज काचेतून, लाकडातून, पायांखालच्या फरशीतून गेला. कुठे खरखर नाही की कुरकुर नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने बास मास्तरांपुढे धरला.

“तू कुरवाळतेस,” ते म्हणाले. “वाजवायला मनगट लागतं.”

ते वाजवायला लागले. आणि खरंच, खरखर झाली. तिने कान दिला. पहिल्या दोन बोटांना सूर स्वच्छ येत होता. अनामिका आणि करंगळीवर आलं की तार पत्र्यासारखी वाजायची.

बेबी थोडी पुढे झुकली. तारेवर बोट नीट दाबलं गेलं की नख पांढरं पडतं. तिने हजारो हात असे जवळून पाहिले होते. मास्तरांच्या त्या दोन बोटांची नखं गुलाबीच राहत होती. बोटं जागेवर जात होती, वाकत होती, पण नुसती टेकत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडला होता.

ती सरळ भिंतीकडे गेली आणि वरच्या खुंटीवरचा काळा बास काढून आणला. हा मास्तरांचाच, तीस वर्षं त्यांनी वाजवलेला. “म्हातारा झालाय, खरखरतो,” म्हणून पंधरा दिवसांपूर्वी तो इथे देऊन त्यांनी हा दुसरा घेतला होता. बेबीने त्याला उघडून, उलटापालटा करून पाहिलं होतं. त्यात काडीचाही दोष तिला सापडला नव्हता, आणि नाही कसा सापडत, म्हणून ती दोन दिवस स्वतःवरच चिडली होती. आता तिला कळलं.

“हा वाजवा,” ती म्हणाली.

मास्तरांनी वाजवला. तीच दोन बोटं, तीच खरखर.

“बघ!” मास्तर जवळजवळ ओरडले. “यातही तोच दोष! सांगत नव्हतो मी?”

दादाच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो उगाच पावतीपुस्तकाची पानं चाळायला लागला. लठ्ठ गृहस्थाने मात्र मांडीवर थाप मारली.

“अहो, म्हणतात ना, नाचता येईना...”

“तुम्ही गप्प बसा हो,” बेबी खेकसली. “तुम्हाला विचारलंय कुणी?”

तो घाव तिचा होता, दुसऱ्या कुणी घालायचं कारण नव्हतं. बास दोन्ही उत्तम आहेत मास्तर, तुमचा हात गेलाय. एवढंच म्हणायचं होतं. भाजी निवडायच्या कामाचाही राहिला नाही, हे वर फुकट. सव्वीस वर्षांत तिने किती वाक्यं जुळवली असतील याला गणती नव्हती, पण इतकं आयतं तिला कधी सुचलं नव्हतं. तिने तोंड उघडलं.

“वाद्यंच खराब निघतात हल्ली,” मास्तरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, जरा जास्तच मोठ्याने, आणि कुणाकडेही न बघता. “पूर्वीसारखं लाकूड राहिलंय कुठे? घरी मी रोज ऐकते ना. वाद्यातच आहे दोष. वाद्यातच आहे.”

मास्तरांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. घरातल्या माणसाने चोरी केल्याचा संशय यावा आणि विचारायचा धीर होऊ नये, तसं पाहिलं. मग तो हात पँटच्या खिशात घातला.

बेबीला असा संताप आला की कानशिलं तापली. एवढी वर्षं जपून ठेवलेलं, आणि द्यायच्या वेळी समोर हे उभं. मारायला समोर माणूस तरी धड असायला नको का? मेल्याने तिथेही दगा दिला.

“अर्धा तास थांबा,” ती म्हणाली आणि नवा बास घेऊन आत गेली.

आत जाऊन तिने पन्नासच्या तारा उतरवल्या. खणातून चाळीसचा संच काढला आणि चढवला. ताण कमी झाल्याने मान मागे जायला लागली, तेव्हा आतली सळी किल्लीने पाव फेरा सैल केली. तारा खाली आणल्या, आणखी खाली, जिथे करंगळी नुसती टेकवली तरी पुरेल तिथवर. हात सराईतपणे चालत होते आणि तोंडाने ती मास्तरांना, त्यांच्या फूटपट्टीला आणि स्वतःलाही शिव्या घालत होती. बारीक तारांचा आवाज बारीक येतो. बाहेर येऊन तिने पाठमोरी उभी राहत अँपवरचा खर्ज दोन घरं वाढवला.

एकच धाक होता. डावा हात फसला असता. उजवा धडधाकट होता, आणि ज्या बोटांनी चाळीस वर्षं पन्नासच्या तारा छेडल्या त्यांना चाळीसची तार लगेच कळणार होती. ती कळली की हा माणूस छप्पर डोक्यावर घेणार.

मास्तरांनी बास मांडीवर घेतला. उजव्या हाताची दोन बोटं सगळ्यात वरच्या तारेवर ठेवली आणि ती तिथेच थांबली. एकदा, हलकेच, त्यांनी तार बोटांखाली घोळवून पाहिली. मग मान वर करून बेबीकडे पाहिलं. बेबी अँपच्या वायरीची गुंडाळी करत होती. तिला वायर गुंडाळण्याचं एवढं महत्त्व आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मास्तर वाजवायला लागले.

खरखर आली नाही. अनामिका आली, करंगळी आली, सूर गोल आणि स्वच्छ पडत गेले. मास्तरीणबाई तोंडावर पदर धरून दाराबाहेर रस्त्याकडे बघत राहिल्या. मास्तरांनी पाच मिनिटं वाजवलं आणि थांबले.

“काय होतं?” त्यांनी विचारलं.

“मान वाकली होती,” बेबी म्हणाली. “माझ्या नजरेतून सुटलं.”

“मोठ्याने बोल.”

“माझी चूक झाली. काम कच्चं राहिलं होतं.”

“दोन्ही बासांत?”

“दोन्ही.”

लठ्ठ गृहस्थ उठला. त्याने आपल्या बासच्या कव्हरची चेन ओढून बंद केली. “मी येतो नंतर कधीतरी,” तो दादाला म्हणाला, पण डोळे बेबीच्या हातांवर होते. तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे ते चारजणही गेले. दादाचा चेहरा उतरला.

“लिहून दे,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“हेच. पावतीवर. चालकांना दाखवायचंय मला. दोष वाद्यात होता, चूक कारागिराची होती. खाली सही.”

“मास्तर, पुरे आता,” दादा म्हणाला. “तोंडाने कबूल केलंय तिने.”

“तोंडाचं काय धरायचं?”

बेबीने दादाच्या हातून पावतीपुस्तक ओढून घेतलं. लिहिलं. बासच्या मानेत दोष राहिला होता, चूक कारागिराची, आता दुरुस्त. पेन एवढं दाबलं गेलं की खालच्या तीन पानांवर उमटलं असेल. सही ठोकली आणि पावती काउंटरवरून सरकवली.

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, एका हाताने उघडून डोळ्यांवर चढवला. पावती वाचली. पुन्हा वाचली. परत तिच्यासमोर ठेवली.

“अर्धवट आहे.”

“आता आणखी काय राहिलं?”

मास्तरांनी उजव्या हाताची तर्जनी त्या कागदावर, सहीच्या वर मोकळ्या राहिलेल्या ओळीवर ठेवली. दादाकडे पाठ केली. बोलले ते मघाच्याच तिरसट सुरात, फक्त आवाज तिच्यापुरता.

“तारांचा नंबर लिही.”

बेबीने वर पाहिलं. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते.

तिने लिहिलं. चाळीस.

“मोठा काढ. पुढच्या वेळी तारा घेताना दुकानात हिला वाचता आला पाहिजे.” त्यांनी मानेनेच बायकोकडे खूण केली.

तिने आकडा पुन्हा गिरवला. मास्तरांनी पावतीची चौकोनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि बास उजव्या खांद्याला लावला.

“या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही मी.”

“चढूच नका,” बेबी म्हणाली.