उदबत्तीचा धूर सरळ गेला

माझी बहीण ऋतुजा बाळंतपणाला माहेरी आली. आमचं घर परळीत, वीज केंद्राच्या राखेचे ट्रक जातात त्याच रस्त्याला. सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी बोट फिरवलं की रेघ उमटती.

माय म्हणली, "सोम्या, लेकराच्या नाकात ही राख जाता कामा न्हाई. काय करायचं ते कर."

मी कूलर दुरुस्त करतो. मोबाईलवर बघून शिकलो. फटी हुडकायचं बी तिथंच बघितलेलं. ऋतुजाच्या खोलीच्या खिडकीत कूलरचा पंखा उलटा बसवला, हवा भाईर फेकायला. दार लावलं. उदबत्ती घेऊन भिंतीच्या कडंनं फिरलो. फट असली की तिथून भाईरची हवा आत घुसती, धूर आडवा व्हतो.

शिडी धरायला दोस्त साजिद. म्हणला, "विमान बनवायलास का बे? उडालं की मला नांदेडला सोड."

लाईटच्या बोर्डाच्या मागं फट. चौकटीखाली फट. छताचा पत्रा भिंतीला टेकतो तिथं तर लईच. सिमेंट भरलं, सायकलची ट्यूब कापून दाराला लावली. मग पंखा चालू असताना बी धूर सरळ वर गेला. पंखा काढला, खिडकी पत्र्यानं ठोकून टाकली. लई भारी वाटलं.

बाळ झालं. दवाखान्यातून घरी आणलं. मायनं बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, शेक द्यायला. वर ओवा टाकला. बाळंतिणीला वारं लागू न्हाई म्हणून दार बंद.

मी राख येती का बघायला आत गेलतो. उदबत्ती लावली. धूर सरळ.

"दादा, डोकं लई ठणकायलंय," ऋतुजा म्हणली. डोळे अर्धे मिटलेले.

"बाळंतिणीचं ठणकतंच," माय म्हणली.

"बाळ कावून रडंना?" मी इचारलं.

"झोपलंय शहाणं."

मी बाळाच्या गालाला बोट लावलं. हाललं न्हाई. वर बघितलं. उदबत्तीचा धूर पत्र्याखाली तसाच थांबलेला. जायला जागाच न्हाई. अन् शेगडीचा?

मी बाळाला उचललं. माय दाराला पाठ लावून उभी.

"भाईर वारं हाय! राख हाय!"

"माय, सरक!"

तिला ढकलून दार उघडलं. ऋतुजाला ओढत अंगणात आणलं. समोरून ट्रक गेला, सगळ्यांच्या अंगावर राख. तेव्हा बाळ खोकललं. मग रडलं. मायनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

साजिदच्या रिक्षात दवाखाना गाठला. दोघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर मायला म्हणले, "बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला. कोळसा परत खोलीत न्यायचा नाही."

आता शेगडी अंगणात असती. माय फडकी भाईर गरम करती अन् आत आणून शेकती, तोंड फुगवून.

मी छिन्नी घेतली. खिडकीचा पत्रा कापला, भिंतीतल्या दोन फटी परत फोडल्या, ओलं फडकं लावलं. ते फडकं रोज संध्याकाळपर्यंत करडं व्हतं.

ऋतुजानं बाज खिडकीकडं ओढून घेतली.

"तिथून राख येती गं," मी म्हणलो.

"येऊ दे," ती म्हणली, अन् बाळाचं तोंड तिकडंच केलं.